ओली सलामी

मी एकदा माझ्या सासऱ्यांचे फटाके भिजवले. बादलीत बुडवले नाहीत, तेवढी मी खुळी नव्हते. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडतात तसं बोटांनी, बेताबेताने, सलग चार दिवस शिंपडलं. ते करताना मला पाप वगैरे वाटलं नाही, चांगली मजा आली, हे आधीच कबूल केलेलं बरं. पुढे जे झालं त्यात मजा कमी होती, पण म्हणून सुरुवातीपासूनच चेहरा पाडून सांगणं मला जमणार नाही.

नव्वदीची मधली वर्षं होती. माझ्या लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं. बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या एका सोसायटीत आमचं बैठं घर होतं. समोरासमोर घरांच्या दोन ओळी आणि मधे रस्ता. घरात माणसं तीन: मी, माझा नवरा आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे मामंजींशी भांडण्याचं काम वारसाहक्काने माझ्याकडे आलं. माझा नवरा त्यातला नव्हता. तो कंपनीत शिफ्टला जायचा, आणि घरात कटकटीची चिन्हं दिसली की नेमकी त्याची शिफ्ट बदलायची.

मी पादऱ्याची, म्हणजे बडोद्याजवळच्या पादरा गावची. "पादऱ्याहून भेंडी येते, वांगी येतात आणि सुना येतात," असं मामंजी आल्यागेल्याला सांगायचे. मी आतून ओरडायचे, "आणि तिन्ही ताज्या असतात, मामंजी!" पाहुणे चपापायचे. मामंजी मिशीत हसायचे आणि मला चहा टाकायला सांगायचे. आमचं असं बरं चाललं होतं.

मामंजींचे पणजोबा संस्थानच्या तोफखान्यात गोलंदाज होते. मामंजींनी स्वतः उभ्या आयुष्यात तोफेला बत्ती दिली नव्हती. ते रेव्हेन्यू खात्यात कारकुनी करून निवृत्त झाले होते. पण रक्त गोलंदाजाचं, असं त्यांचं म्हणणं. संस्थान गेलं, तोफखाना गेला, आणि आमच्या घरात उरली ती नरक चतुर्दशीच्या पहाटेची सलामी. अभ्यंगस्नान झालं की दारापुढच्या रस्त्यावर अकरा सुतळी बॉम्ब एका ओळीत मांडायचे आणि एकेक उडवायचा. "एकवीस तोफा सरकारांच्या," मामंजी सांगायचे. "आपण चाकर माणसं. अकरा. माणसाने पायरी ओळखून राहावं." ती पायरी ओळखण्यापायी सगळी सोसायटी पहाटे पाचला पलंगावरून दचकून उठायची. आमचे शेजारी बहुतेक गुजराती. त्यांची खरी आतषबाजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची; आपली नरक चतुर्दशी ती त्यांची काळी चौदस, आणि त्या पहाटे त्यांना झोप हवी असायची. पण वर्षानुवर्षं ऐकून ते या सलामीला सरावले होते. घड्याळं लावणारेही काही होते.

सलामीचे नियम कडक होते. बॉम्ब सुतळीचाच हवा. दोन बारांच्या मधे घड्याळ चालायचं नाही, दहा श्वास मोजायचे. आणि धूर कमीत कमी. "आवाज म्हणजे सलामी, धूर म्हणजे कचरा," हे त्यांचं ब्रीद. अनार, भुईचक्र, फुलबाज्या यांना ते बायकी म्हणायचे, आणि नागगोळीचा तर त्यांना इतका तिटकारा की ती पेटवणाऱ्याच्या घरी ते वर्षभर जात नसत.

माझ्या पहिल्या दिवाळीला सलामी ऐटीत, सावकाश झाली. दुसऱ्या दिवाळीला अकरा बार भराभर उरकले. मी नवऱ्याला विचारलं, "मामंजी यंदा घाईत होते का?"

"घाईत नव्हते," तो म्हणाला. "दहा श्वास लवकर संपत होते."

मामंजींना दमा होता. आम्हाला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, आणि कुणी तो शब्द काढायचा नाही असा घरात अलिखित करार होता. कुणी विचारलं तर "घसा खवखवतोय." डॉक्टरांनी दिलेल्या पंपाला ते पिचकारी म्हणायचे, आणि तो ओढायला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचे, म्हणजे फुसफुस ऐकू येऊ नये. आमच्याकडे पाणी दिवसातून दोनदा यायचं. टाकी कशाने रिकामी होते हे मी कधी विचारलं नाही.

सगळा दोष त्यांच्या छातीचाही नव्हता. त्या वर्षांत बडोद्यात पैसा खेळायला लागला होता. आमच्या रस्त्यावर पहिली मारुती आली, मग केबल आली, आणि दिवाळीच्या फटाक्यांनीही अंग धरलं. आधी माळ असायची ती कुडाला टांगण्याएवढी. आता एकाने सोसायटीच्या एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत माळ अंथरली की पुढच्या वर्षी दुसरा तीच दुहेरी अंथरायचा. आकाशात जाऊन फुटणारे नवे डबे आले. घरांच्या दोन ओळींमध्ये धूर अडकून बसायचा, आणि त्या दिवसांत वारा आमच्या बाजूला फिरकत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर समोरचं घर दिसायचं नाही, नुसता त्याचा दिवा दिसायचा. दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागायचे, आणि नाक शिंकरलं की रुमाल काळा. लोक त्याच धुरात उभे राहून एकमेकांना साल मुबारक करायचे आणि खोकायचे.

त्या तिसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर मामंजींचा खोकला वाढला. अलकापुरीत छातीचे एक डॉक्टर बसायचे, त्यांच्याकडे मी त्यांना नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मामंजींना नव्हे, मला सांगितलं, "यंदा धुरात जाऊ देऊ नका. जमलं तर दिवाळीचे चार दिवस गावाबाहेर न्या."

बाहेर येऊन रिक्षात मी म्हटलं, "मामंजी, पादऱ्याला जाऊ या. बाबांना आनंद होईल."

"व्याह्याच्या घरी दिवाळी?" मामंजी म्हणाले. "ती जावयाने करायची असते. जावयाच्या बापाने नव्हे."

"मग सलामी तरी नको."

"सलामी नको तर मग मीही नको," ते म्हणाले आणि निजामपुरा येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. "तू समजाव," तो म्हणाला, "तुझं ऐकतात." आणि त्याची शिफ्ट बदलली. तीन दिवस वाद घातल्यावर एवढाच तह झाला की मामंजींनी ओट्यावर उभं राहून हुकूम द्यायचा आणि बत्ती मी द्यायची. पादऱ्याची सून तोफखान्यात दाखल झाली. मामंजी या तहावर खूश होते, यावरूनच मला कळलं की तो माझ्या बाजूचा नव्हता. आमच्या ओट्यापासून रस्ता दहा पावलं. धूर काय ओट्याची पायरी ओळखून थांबणार होता?

समोरच्या ओळीत एक गुजराती मासी राहायच्या. माझं सगळं गाऱ्हाणं त्यांच्या स्वयंपाकघरात व्हायचं. त्या मठिया, म्हणजे दिवाळीत तळायच्या पापडासारख्या पातळ पुऱ्या, लाटत होत्या, मी त्या पसरत होते.

"काकाने श्वास छे, ने तोय फटाकडा फोडवा छे?" मासी म्हणाल्या. "ना पाडो ने, भाभी." नाही म्हणून सांगा, इतकं त्यांना ते सोपं वाटत होतं.

"मारुं माने तो ने, मासी."

मासींनी लाटणं थांबवलं नाही. "तो भीना करी नाखो. फूटे ज नहीं, पछी शुं?"

भिजवून टाका, फुटलेच नाहीत तर पुढे काय? पुढचं मीही पाहिलं नाही, आणि तीच मजा होती. मी तळलेल्या दोन मठिया खाल्ल्या आणि घरी गेले.

आता फटाके वाळवण्याविषयी सांगायला हवं. पावसाळाभर दुकानात पडलेला माल दमट असतो, म्हणून सलामीच्या आधी चार दिवस मामंजी तो गच्चीवर उन्हात घालायचे. खाटेवर जुनी चादर, चादरीवर बॉम्ब, आणि शेजारी छत्री घेऊन मामंजी. दर तासाला पापड उलटावेत तसा एकेक बॉम्ब उलटायचे. गरम हाताने धरायचा नाही, वातीला बोट लावायचं नाही, गच्चीवर कुणी काडेपेटी आणायची नाही. दुपारी बाराला ते जेवायला उतरायचे आणि दोनपर्यंत झोपायचे. त्या दोन तासांचा पहारा त्यांनी विश्वासाने माझ्याकडे दिला होता.

पहिल्या दिवशी मी तांब्या घेऊन गच्चीवर गेले तेव्हा दर बॉम्बागणिक जिन्याकडे बघत होते. चौथ्या दिवशी मी गाणं गुणगुणत होते. आधी सुतळीवर शिंपडायचं, मग ओला पंचा घट्ट पिळून वर पांघरायचा, आणि पावणेदोनला तो काढून घ्यायचा, म्हणजे वरून कोरडं दिसतं आणि आतून ओल राहते. मामंजी झोपून वर आले की एक बॉम्ब उचलून तळहातावर तोलायचे. तिसऱ्या दिवशी समाधानाने म्हणाले, "यंदा वजन चांगलं आहे. दारू मोकळ्या हाताने भरलेली दिसते." मी पदर तोंडाशी धरून खाली पळाले आणि कोठीच्या खोलीत हसून घेतलं.

नरक चतुर्दशीची पहाट थंड होती. हवा अगदी पडलेली. नवऱ्याची अर्थातच रात्रपाळी होती. मामंजींनी उटणं लावून आंघोळ केली, पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडलं, कोट चढवला, काळी टोपी घातली आणि ओट्यावर उभे राहिले. मी रस्त्यावर अकरा बॉम्ब ओळीने मांडले आणि उदबत्ती घेऊन सज्ज झाले. समोर मासी जाळीच्या दारामागे उभ्या होत्या. त्यांचे मिस्टरही उठून आले होते, आणखी दोन घरांचे दिवे लागले होते.

"पहिली!" मामंजींनी हुकूम दिला.

मी वातीला उदबत्ती लावून मागे पळाले. वात सुरसुरत गेली, आत शिरली, आणि फुस्स झालं. आवाज नाही, काही नाही. मी मनातल्या मनात मासींना नमस्कार केला. मग बॉम्बच्या सुतळीतून एक बारीक पांढरी रेघ वर निघाली.

"दुसरी!" मामंजी म्हणाले. एक तोफ नादुरुस्त निघाली म्हणून सलामी थांबत नाही, असा त्यांचा आणखी एक नियम होता. तो मला त्या दिवशी कळला. दुसरा बॉम्ब फुस्स, तिसरा फुस्स. प्रत्येकाची दारू अर्धवट पेटायची, बाहेरची ओली सुतळी धुमसायला लागायची, आणि त्यातून धूर निघायचा. बारीक रेघा जाड झाल्या. सहाव्यापर्यंत मला उरलेले पाच दिसेनात. पिवळट, गंधकाचा, डोळ्यांत शिरणारा धूर रस्त्यावर पसरला, आणि वर जायला वाराच नव्हता म्हणून आडवा सरकत आमच्या ओट्यावर चढला.

ओलं सरपण धूर करतं. पादऱ्याच्या आमच्या घरी मी मोठी होईतो चूल होती, पावसाळ्यात त्या चुलीपुढे फुंकणी घेऊन मी डोळे चोळत बसलेली आहे. जगात दुसऱ्या कुणाला नसेल पण मला हे ठाऊक असायला हवं होतं. चार दिवस तांब्या घेऊन गच्चीवर जाताना ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. आवाज बंद करायचा या नादात, जे टाळायचं तेच मी दहा पटीने पेटवलं होतं.

"काका, आ सलामी छे के धूप?" समोरून कुणीतरी हसत ओरडलं.

मामंजींनी अकरावी म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द आलाच नाही. खोकला आला. मग खोकलाही येईना. ते ओट्यावर खाली बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकले, आणि छातीतून नुसती शिट्टी वाजायला लागली. मी धावत आत जाऊन पंप आणला. त्यांनी सगळ्यांदेखत ओढला, एकदा, दोनदा, चारदा. काही उपयोग झाला नाही. ओठांचा रंग बदलला. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. मी या माणसाला मारलं, एवढं एकच वाक्य डोक्यात होतं.

मासींच्या मिस्टरांनी मारुती काढली. ते आणि आणखी एक शेजारी, दोघांनी मिळून मामंजींना दोन्ही बाजूंनी धरून गाडीपर्यंत नेलं. मी मागच्या सीटवर पलीकडून शिरले. दार लावणार एवढ्यात रस्त्यावर धुमसणाऱ्या त्या दहांतला एक, बहुतेक आपल्याच आचेने वाळून, धडाम्‌कन फुटला. मासी किंचाळल्या. मामंजींचे डोळे मिटलेले होते, तोंड उघडं होतं, श्वास अडकलेला होता. त्यांनी उजवा हात जरासा उचलला आणि एक बोट वर केलं. एक झाली.

अलकापुरीला पोचेपर्यंत मी रडत होते आणि मधेमधे ते बोट आठवून मला हसूही येत होतं. त्याची लाज वाटत होती, पण येत होतं.

डॉक्टरांनी तोंडावर मास्क लावला, सुई टोचली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. एक रात्र ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आम्ही मामंजींना घरी आणलं, मधल्या खोलीत निजवलं, खिडक्या लावल्या आणि दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. संध्याकाळी सगळं बडोदं पेटलं. टॉवेल असले तरी धूर यायचा तिथून आला. दिव्याभोवती दिसायला लागला. मामंजी उशीला टेकून बसले होते आणि वासावरून ओळखत होते. "हा अनार. ही माळ, हलकी दारू आहे. आणि हा कोण गाढव नागगोळी पेटवतोय?" मी त्यांच्यापुढे पंप धरून बसले होते. मी अकरा भिजवले होते. बाकीचं शहर कोरडं होतं.

मग त्यांनी मला कागद-पेन आणायला सांगितलं. दुकानदाराला पत्र लिहायचं होतं. त्यांच्या वडिलांच्या काळापासून माल शहरातल्या एकाच दुकानातून यायचा, आणि आता त्या दुकानदाराने दगा दिला असं मामंजींचं ठाम मत होतं. एकेक वाक्यानंतर दम घेत त्यांनी कचेरीच्या थाटात मजकूर सांगितला. "सदरहू माल चार दिवस रीतसर उन्हात ठेवूनही नादुरुस्त निघाला. लिही. पहाऱ्यात कसूर झालेली नाही. लिही, लिही. पहाऱ्यावर घरचं खात्रीचं माणूस होतं." घरच्या खात्रीच्या माणसाने ते स्वच्छ अक्षरात लिहिलं. चोराच्या हातची फिर्याद याहून सुबक कुणी लिहिली नसेल.

ते पत्र माझ्या पर्समध्ये दोन दिवस पडून राहिलं. "पत्र गेलं का?" मामंजी सकाळ-संध्याकाळ विचारायचे. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "नसेल जमत तर मीच जातो," आणि चपला शोधायला लागले. मी ते मासींच्या मिस्टरांबरोबर पाठवून दिलं, आणि मनात म्हटलं, दुकानं दिवाळीनंतरच्या पंचमीपर्यंत, लाभपाचमेच्या मुहूर्तापर्यंत बंद आहेत, तोवर काहीतरी सुचेल. काही सुचलं नाही.

लाभपाचमेला मुहूर्त करून दुकानदार स्वतःच घरी आला. पन्नाशीचा, अदबीने वागणारा माणूस. हातात मिठाईचा पुडा आणि काखेत नवं खोकं. मामंजींच्या पायांना हात लावून म्हणाला, "काका, तमारा बापुजीना वखतथी माल अमारे त्यांथी जाय छे. आवुं कोई दिवस थयुं नथी." ज्या व्यापाऱ्याकडून माल आला होता त्याच्याशी तो फोनवर कडाकडा भांडला होता, यापुढे तुझा माल घेणार नाही म्हणून सांगून मोकळा झाला होता. हे नवं खोकं तसंच, भेट म्हणून. "देव दिवाळीए फोडजो, काका. सलामी अधूरी न रहेवी जोईए."

मामंजींचा चेहरा उजळला. देव दिवाळी म्हणजे कार्तिकी पौर्णिमा, दहा दिवसांवर. तो गेला आणि मामंजींनी मला हाक मारली. "सूनबाई, खाट गच्चीवर घे. या वेळी दुपारी झोपणार नाही. पहारा मी स्वतः करणार."

मी खाट वर नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कठड्याला धरत, प्रत्येक वळणावर थांबत जिना चढून आले आणि नवे अकरा बॉम्ब चादरीवर मांडू लागले. मी समोर उभी राहिले. हे बॉम्ब खणखणीत वाजणार होते, आणि मधे दहा श्वास मोजायला मामंजींकडे श्वास नव्हते. तिकडे एक बापडा व्यापारी माझ्यापायी गिऱ्हाईक गमावून बसला होता.

"मामंजी," मी म्हटलं, "माल चांगलाच होता. मी पाणी शिंपडलं."

त्यांनी हातातला बॉम्ब खाली ठेवला. "किती दिवस?"

"चारही."

"कशाने?"

"बोटांनी. इस्त्रीच्या कपड्यांसारखं. वर ओला पंचा."

त्यांनी चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. मग म्हणाले, "चुलीपुढे वाढलेली तू. ओलं पेटवलं की काय होतं, कळलं नाही?"

"नाही कळलं." मला रडू आलं. "मला तुम्हाला वाचवायचं होतं हो."

"पद्धत तशी वाटली नाही," मामंजी म्हणाले.

नंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट पुढे केलं की जेवायचे, औषध दिलं की घ्यायचे. नवऱ्याने घरातली हवा पाहिली आणि ओव्हरटाइम घेतला. मला माहेरी धाडतील, असंही एकदा वाटून गेलं, आणि खरं सांगायचं तर त्या अबोल्यापेक्षा ते परवडलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मामंजी कोट-टोपी घालून बाहेर आले. "रिक्षा बोलाव. खोकं घे. तूही चल."

रिक्षात मी खोकं मांडीवर घेऊन बसले होते. मामंजी मला दुकानात उभी करून सगळ्यांसमोर कबूल करायला लावणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी वाक्यंही जुळवून ठेवली होती, गुजरातीतच. दुकानाच्या चार पायऱ्या चढायला मामंजींना बराच वेळ लागला. आत तीन-चार गिऱ्हाइकं होती. देव दिवाळीची खरेदी चालली होती. दुकानदार गल्ल्यावरून उठून पुढे आला. "आवो काका, आवो."

मी तोंड उघडलं. मामंजींनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला.

"वांक मारो छे," ते दुकानदाराला म्हणाले. "माल में बराबर सूकव्यो नहोतो. पेला वेपारीने फोन करी देजो. एनो वांक नथी."

गोलंदाजाच्या पणतवाने भर दुकानात सांगितलं की चूक त्या व्यापाऱ्याची नाही, आपल्यालाच दारू नीट वाळवता आली नाही. माझं जुळवून ठेवलेलं गुजराती घशातच राहिलं. दुकानदारही गोंधळला. "अरे काका, एमां शुं! आ वखते हुं पोते सूकवी आपुं," या वेळी मीच वाळवून देतो असं म्हणत तो माझ्या हातातलं खोकं घेऊन आत निघाला.

मामंजींनी ते त्याच्या हातातून घेतलं आणि गल्ल्यावर ठेवलं.

"ना भाई," ते म्हणाले. "हवे श्वास पहोंचतो नथी."

गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. दुकानदार स्टूल आणायला आत गेला. आता श्वास पुरत नाही, हे वाक्य मामंजींनी डॉक्टरांपुढेसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. ते स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुढे वाकून श्वास घेत राहिले. सुनेने सासऱ्याच्या अंगाला हात लावायची आमच्याकडे रीत नाही. मी त्यांच्या मागे जाऊन पाठीवर हात ठेवला. कोटातून पाठ भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांनी हात झटकला नाही, आणि दुकानातली माणसं बघत असताना मी तशीच उभी राहिले.